वैर येतं कुठून? ‘वासूनाका’, ‘अधांतर’ आणि बोईसरचा वाचक

भाऊ पाध्ये यांची ‘वासूनाका’ ही कादंबरी १९६५ साली आली आणि आचार्य अत्र्यांनी अश्लील म्हणून तिच्यावर झोड उठवली. जयंत पवार यांचं ‘अधांतर’ हे नाटक १९९७ साली रंगमंचावर आलं. ‘वासूनाका’तला पोक्या नाक्यावरच्या बोलीत स्वतःच सगळं सांगतो. पोरांचं टोळकं आहे, पण त्यांच्यासमोर कायमचा वैरी नाही. त्यांचा जोर चालतो तो वस्तीतल्या बायकापोरींवर. ‘अधांतर’मधल्या धुरू कुटुंबातला नरू मात्र टोळीयुद्धात उतरलेला आहे. या दोन चित्रांच्या मधे १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेला मुंबईचा गिरणी संप आहे. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि त्यातल्या असंख्यांना पुन्हा गिरणीचं दार दिसलं नाही. पाध्यांच्या पोरांना काम नको असतं, पण शहरात भोंगे वाजत असतात. नरूच्या वाट्याला भोंगाच उरत नाही.

तरुणांच्या टोळ्यांवरचं गाजलेलं अमेरिकी लेखन वैराचं कारण फरकात शोधतं. ‘वेस्ट साइड स्टोरी’त (१९५७) ते स्थानिक गोरे आणि पोर्तोरिकन यांच्यात आहे, एस. ई. हिंटनच्या ‘द आउटसायडर्स’मध्ये (१९६७) गरीब आणि श्रीमंत पोरांत. गिरणगावात, म्हणजे मुंबईच्या गिरणी वस्तीत, हा हिशेब जुळत नाही. अरुण गवळी आणि अमर नाईक यांच्या टोळ्यांत दोन्हीकडे मराठी, चाळीतलीच पोरं होती. १९९४ साली गिरणीमालक सुनीत खटाव यांचा भररस्त्यात खून झाला तेव्हा वैराचा धागा गिरणीच्या जमिनीपर्यंत पोचलेला सर्वांना दिसला. पवारांना हे नेमकं उमगलं होतं. वैर पोरं जन्माला घालत नाहीत. हातचं काम गेल्यावर जमिनीचा आणि खंडणीचा पैसा त्यांना वैर पुरवतो.

यावर कुणी म्हणेल, हा फरक दृष्टीचा नसून प्रकाराचा आहे: कादंबरीत पोक्या बोलतो, नाटकाला एक खोली पुरते. पण प्रकाराची निवड हाही लेखकाचा निर्णयच असतो. टोळीयुद्ध दाराबाहेर ठेवल्यामुळेच पवारांच्या नाटकात नरूची आई आणि बहीण मंजू ऐकू येतात. पाध्यांच्या कादंबरीत बायका दिसतात त्या पोरांच्या नजरेतूनच. ही तिची मर्यादा आहे, आणि मला ती अत्र्यांच्या आक्षेपापेक्षा गंभीर वाटते.

पालघर-बोईसरच्या वाचकासाठी हा वाद दूरचा नाही. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कारखाने चालू आहेत. उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेले कामगार आणि इथले आदिवासी, कुणबी, मच्छीमार एकाच गेटवर ठेकेदाराची वाट पाहतात. अणुऊर्जा प्रकल्पाच्या विस्तारासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. अशा ठिकाणी पोरांची मारामारी झाली की ‘स्थानिक विरुद्ध बाहेरचे’ हे उत्तर तयारच असतं. ते पूर्ण खोटं नाही. भाषा आणि गाव यांवरून माणसं खरोखर दुरावतात. पण तेवढंच कारण असतं तर एकाच चाळीतली पोरं एकमेकांच्या जिवावर उठली नसती. म्हणून बोईसरवर कधी कादंबरी लिहिली गेली, तर तिला नाक्यावरच्या पोरांइतकंच गेटवरच्या ठेकेदाराकडे पाहावं लागेल: कामावर कुणाला घेतलं, कुणाला परत पाठवलं आणि दोघांनाही कायम का केलं नाही.