पुराण कुठे संपते, इतिहास कुठे सुरू होतो?

परळीतल्या आई-बापांसाठी, लेकरांच्या अभ्यासाविषयी

परळीच्या शाळेत 'माझे गाव' हा निबंध लिहायला सांगितला की लेकरू पहिल्या चार ओळी काय लिहिते? देव आणि दानवांनी समुद्रमंथन केले. अमृत निघाले. ते धन्वंतरीसह येथील लिंगात लपवले गेले. दानव हात लावायला आले तर ज्वाळा निघाल्या. म्हणून आमचे गाव वैजनाथ.

वही घरी येते. बाप थर्मलवर कंत्राटी कामाला, नाहीतर मोंढ्यात हमालीला. दमून आलेला. तो वही पाहतो आणि संतापतो. "आपण बौद्ध आहोत. हे सगळं थोतांड आहे. खोड ते!" लेकरू खोडते. दुसऱ्या दिवशी शाळेत गुण जातात ते वेगळेच, पण लेकराच्या मनात एक गोष्ट पक्की बसते: शाळेत एक बोलायचे, घरात दुसरे, आणि दोन्हीकडे विचारायचे काहीच नाही.

वाचकहो, हे नुकसान गुणांपेक्षा मोठे आहे. पोथी पाठ करणारे पोर जसे विचार करत नाही, तसेच 'थोतांड' एवढा एकच शब्द पाठ केलेले पोरही करत नाही. दोघांनीही गोष्ट वाचलेली नसते.

मग आपण काय करावे? बाबासाहेबांच्या स्वतःच्या घरात काय घडले, ते आधी पाहू.

रामजी सुभेदार कबीरपंथी. घरात शिस्त कडक. ते मुलांना रामायण-महाभारत वाचायला लावीत. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी १९५६ साली लिहिलेल्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी ही हकीकत सांगितली आहे. आम्हाला हीन लेखणारे हे ग्रंथ आम्ही का वाचावेत, असे त्यांनी वडिलांना विचारले. वडिलांचे उत्तर विचार करण्यासारखे होते. द्रोण, कर्ण ही लहान माणसे, पण किती मोठी झाली ते बघ. वाल्मीकी कोळी होता, त्याने रामायण रचले. तुमच्या मनातला न्यूनगंड जावा म्हणून मी वाचायला सांगतो. मुलाचे काही समाधान झाले नाही. भीष्म आणि द्रोण बोलतात एक आणि करतात दुसरे, असे त्याचे मत झाले होते. कृष्णाचे कपट पटले नव्हते. शूर्पणखेशी, वालीशी आणि सीतेशी राम जसा वागला, तेही पटले नव्हते. त्याने ते वडिलांना तोंडावर सांगितले. वडील गप्प राहिले.

या गप्प राहण्याला मी फार किंमत देतो. त्यांनी हात उगारला नाही, 'पोथीला नावे ठेवतोस?' म्हटले नाही. पुढे एका सत्काराच्या सभेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्या मुलाच्या हातात आपण लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र ठेवले. आता बघा, ते पुस्तक त्याला इतके भिडले ते का? रामायण-महाभारत वाचून, पारखून, नाकारून तो तिथे आला होता. तुलना करायला त्याच्याजवळ काहीतरी होते.

तेव्हा परळीच्या लेकरानेही समुद्रमंथनाची गोष्ट खोडू नये. ती नीट, शेवटपर्यंत ऐकावी. मग तिला प्रश्न विचारावेत.

गोष्ट अशी. मंदार पर्वताची रवी, वासुकी नागाची दोरी. शेपटीकडे देव, तोंडाकडे दानव. म्हणजे नागाच्या विषारी फुत्काराचा त्रास कोणाला? दानवांना. दोरी दोघांनी ओढली, घाम दोघांनी गाळला, आणि अमृत वाटायची वेळ आली तेव्हा मोहिनीने दानवांना झुलवत ठेवून सगळे देवांच्या पंगतीत वाढले. एक दानव वेष बदलून त्या पंगतीत बसला. ओळखला गेला. त्याचे डोके उडवले. तोच राहू.

हमालाच्या, ऊसतोड्याच्या लेकराला ही गोष्ट कळायला टीकाकार लागत नाही! अर्धे काम आमचे, मग मजुरी कुठे? दुसऱ्याच्या पंगतीत बसलेल्याला ओळखून उठवणे म्हणजे काय, हे आपल्या आज्या-पणज्यांना कोणी समजावून सांगावे लागले नव्हते. महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली. मत्स्य, कच्छ, वराह, नृसिंह, वामन या एकेका अवताराच्या गोष्टीला त्यांनी असेच उलटे प्रश्न विचारले आणि बळीराजाला गोष्टीच्या मध्यभागी आणले. ही गोष्ट कोणाच्या बाजूने सांगितली आहे, हे हुडकणे हाच अशा वाङ्मयाचा अभ्यास.

पण मंथन खरेच झाले का? इथे आपल्या मराठी भाषेतच एक फार चांगले हत्यार आहे. आजी गोष्ट सांगते, "एक राजा होता म्हणे." तो 'म्हणे' लेकराला दाखवून द्या. 'म्हणे' म्हणजे मी पाहिले नाही, ऐकले आहे. पुराणाच्या प्रत्येक वाक्याला 'म्हणे' लावता येतो. परीक्षेच्या वहीत त्याची शाळेतली रूपे वापरावीत: 'आख्यायिकेनुसार', 'पुराणात सांगितले आहे', 'भाविकांची अशी श्रद्धा आहे'. 'येथे अमृत लपवले' असे लिहिले तर लेकराने साक्ष दिली. 'येथे अमृत लपवले अशी आख्यायिका आहे' असे लिहिले तर ते खरे आहे. आख्यायिका आहेच! खाडाखोड नाही, खोटेही नाही, आणि शिक्षकांना गुण कापायला जागाही नाही. त्याच्या खालीच लिहावे की अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी या देवळाचा जीर्णोद्धार केला. त्या वाक्याला 'म्हणे' लागत नाही. हा फरक ज्या पोराला दिसला त्याचा निम्मा इतिहास झाला.

आणखी एक गंमत आहे. बारा ज्योतिर्लिंगांची नावे सांगणारे जे संस्कृत स्तोत्र आहे, त्याचे पाठ एकसारखे नाहीत. एका पाठात वैद्यनाथ परळीला आहे. दुसऱ्यात तो ईशान्येकडे आहे, आणि झारखंडातल्या देवघरचे लोक तो पाठ पुढे करतात. दोन्हीकडचे भाविक आपापल्या जागी ठाम. यात कोणाची टिंगल करायचे कारण नाही. मोठ्या वर्गातल्या मुलाला एवढेच दाखवावे की जुना ग्रंथ तोंडोतोंडी आणि हाताने नकलून आला आहे, नकलताना तो बदलतो, म्हणून 'ग्रंथात लिहिले आहे' एवढ्याने भागत नाही. कोणत्या प्रतीत, कोणी, केव्हा, हे विचारावे लागते.

आता ही चाळणी दुसऱ्याच्याच पोथीला लावायची आणि आपल्या पुस्तकांना नाही, असे करून चालणार नाही. पाली जातकांत दशरथ जातक आहे. त्यात दशरथ वाराणसीचा राजा, राम आणि सीता भाऊ-बहीण, आणि रावण नाहीच. काही उत्साही मंडळी हे 'खरे रामायण' म्हणून पोरांना सांगतात. तसे सांगू नये. ती सुद्धा गोष्टच आहे. एकच कथा वेगवेगळ्या लोकांनी आपापल्या शिकवणुकीसाठी कशी फिरवली, याचा तो उत्तम नमुना आहे, आणि तेवढ्यासाठी तो जरूर वाचावा.

बाबासाहेबांनी तर खुद्द बुद्धचरित्राला हा प्रश्न विचारला. सिद्धार्थाने म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहिले म्हणून घर सोडले, असे परंपरा सांगते. बाबासाहेब विचारतात, एकोणतीस वर्षांच्या माणसाने त्याआधी हे कधीच पाहिले नसेल का? न पटणारे म्हणून त्यांनी ते बाजूला ठेवले, आणि रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात झालेला तंटा हे कारण मांडले. शास्त्याच्या चरित्रालाही ज्यांनी सूट दिली नाही, त्यांचे नाव घेऊन आपण लेकराचा प्रश्न दाबावा काय? १९८७ साली राज्य सरकारने 'रिडल्स' प्रसिद्ध केले, वाद पेटला, आणि १९८८ मध्ये आपला समाज हजारोंनी मुंबईच्या रस्त्यावर उतरला. ते करणे भागच होते. पण ज्या खंडासाठी उतरलो, तो किती घरांत उघडून वाचला गेला, हे ज्याने त्याने आपल्या फडताळाला विचारावे.

इतिहासाकडे येऊ. लेकरे म्हणतात, "इतिहास लय बोअर आहे, नुसत्या सनावळ्या." कारण त्यांना वाटते इतिहास दिल्लीत, पाटण्यात, फार तर रायगडावर घडला. आपल्या मराठवाड्यात काय?

सुत्तनिपात हा पाली साहित्यातला फार जुना ग्रंथ. त्याच्या शेवटच्या भागात गोदावरीकाठी राहणाऱ्या बावरी नावाच्या ब्राह्मणाची कथा आहे. गोदावरी म्हणजे आपल्या बीड जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून वाहते तीच. एका याचकाने पाचशे नाणी मागितली. बावरीजवळ उरले काही नव्हते. याचकाने शाप दिला, सातव्या दिवशी तुझ्या डोक्याची सात शकले होतील. म्हातारा घाबरला. त्याने आपले सोळा शिष्य बुद्धाकडे पाठवले. ते पैठणवरून निघाले, महिष्मती, उज्जैन, विदिशा करत मगधापर्यंत पायी गेले. बुद्धाने सांगितले, अविद्या हेच ते डोके, आणि ते फोडणारी विद्या. शापाची भीती अशी निघाली. मूठ मारणे, करणी करणे असल्या गोष्टींना भिणाऱ्या घरात ही कथा मुद्दाम वाचून दाखवावी.

कथा म्हटली की पुन्हा 'म्हणे' आलेच. मग पुरावा कुठे? पुरावा दगडात आहे. कन्नड तालुक्यात पितळखोऱ्याची लेणी आहेत. तेथील खांबांवर ब्राह्मी अक्षरांत दान देणाऱ्यांची नावे कोरली आहेत, आणि त्यात पैठणचा मित्रदेव आहे, सुगंधी द्रव्ये विकणाऱ्या कुळातला. राजा नव्हे, दुकानदार माणूस. त्याने खांब दिला आणि त्याचे नाव दोन हजार वर्षे टिकले. मधल्या काळात ती अक्षरे वाचणारा कोणी उरला नव्हता. १८३७ साली जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मीची उकल केली तेव्हा अशा भिंती पुन्हा बोलू लागल्या.

धाराशिव जिल्ह्यातले तेर म्हणजे जुने तगर. पहिल्या शतकातला एक ग्रीक खलाशी लिहितो की पैठणहून मौल्यवान दगड आणि तगरहून कापड गाड्यांत भरून भडोचच्या बंदराला जाते. तेरला उत्खनन झाले, बौद्ध अवशेष निघाले, हस्तिदंती बाहुली निघाली. ते सारे तेथल्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयाशी निगडित आहे. सहलीचे पैसे भरायचेच असतील तर एकदा तिकडे न्या. काचेआडची ती बाहुली पाहिलेले पोर सातवाहनांचे नाव विसरत नाही.

आणि सर्वांत जवळचा पुरावा घरातच खाटेवर बसलेला असतो. आजीला वही घेऊन विचारायला लावा. आजी सन सांगणार नाही. ती सांगेल, "पोलीस ॲक्शनच्या साली मी एवढीशी व्हते." लेकराने पुस्तकात शोधावे: सप्टेंबर १९४८. "थर्मलची चिमणी नव्हती तवा." १९७१ च्या आधी. "खडी फोडाया जायचो, सुकडी खायचो." १९७२ चा दुष्काळ. "नामांतराच्या वेळी गाव सोडून पळालो." विधिमंडळाचा ठराव २७ जुलै १९७८ चा, जाळपोळ त्यानंतरची, आणि विद्यापीठाला नाव लागले १४ जानेवारी १९९४ ला. आजीची आठवण आणि पुस्तकातली तारीख शेजारी शेजारी मांडली की साधन म्हणजे काय, साक्ष म्हणजे काय, हे व्याख्या न सांगता कळते. कधी दोन्ही जुळत नाहीत. न जुळले तर आणखी चांगले. मग दुसऱ्या आजीला विचारावे लागते, आणि इतिहासकार तरी दुसरे काय करतात?

राहिले जुने मराठी वाङ्मय. परळीपासून पंचवीसेक किलोमीटरवर अंबाजोगाई. तेथे मुकुंदराजांची समाधी दाखवतात. त्यांच्या 'विवेकसिंधू'चा काळ शके १११०, म्हणजे इ.स. ११८८, असा सांगतात. त्यावरही विद्वानांचे वाद आहेत. लेकराला अशी ओवी कळत नाही ती शब्दांमुळे. तेव्हा आधी मोठ्याने वाचून घ्यावी. जुन्या ओव्या-अभंगांतले कितीतरी शब्द शहरी पुस्तकातून गेले, पण आपल्या बायांच्या बोलण्यात अजून आहेत. जात्यावर ओव्या म्हटलेली बाई अर्थ लवकर लावते, पदवीधर मागे राहतो.

चोखोबांच्या बाबतीत मात्र आपल्या घरात अडचण होते. 'देवाच्या दारात रडत बसणारा' म्हणून काही जण त्यांना वाचूच देत नाहीत. मला ते मान्य नाही. चोखामेळा चौदाव्या शतकातला. मंगळवेढ्याच्या गावकुसाचे वेठीचे काम करताना भिंत कोसळून १३३८ साली गेला, असे परंपरा सांगते. संत म्हणून नावाजलेला माणूस भिंतीखाली मेला तो वेठबिगार म्हणून. त्याची बायको सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका आणि मुलगा कर्ममेळा, सगळ्यांच्या नावावर अभंग आहेत. बापाच्या अभंगात विनवणी अधिक, आणि मुलाच्या अभंगात देवाला सरळ जाब आहे. बाप-लेकाचे एकेक अभंग शेजारी ठेवून दहावीच्या पोराला विचारावे: एका पिढीत सूर का बदलला असेल? याचे छापील उत्तर कोणत्या गाईडमध्ये मिळणार नाही, आणि ते त्याने आणलेही नाही पाहिजे.

हे सगळे करायला आई शिकलेली असावी लागत नाही. तिला दोनच प्रश्न आले तरी पुरे: "हे कोणी सांगितलं?" आणि "त्यानं पाहिलं होतं का?" भाकरी थापता थापता विचारावेत. रविवारी विहारात वंदनेनंतर अर्धा तास मोठ्या मुलांनी लहानांचे इतिहासाचे आणि मराठीचे पुस्तक हातात धरावे, आणि प्रत्येक वाक्याशेजारी पेन्सिलीने खूण करावी, कुठे 'म्हणे' लागतो आणि कुठे नाही. पेन्सिलीनेच करावी, कारण पुढच्या वर्षी पुस्तक धाकट्याला जायचे असते.