कड्यावरचे गाव, गुहा आणि मातीची भांडी: तळेऱ्याच्या तिठ्यावरून एक हिशेब

व्यापारी बंधूंनो, ज्या गावात कारखाना नाही, मोठी पेठ नाही, सुपीक जमीनही फारशी नाही, त्या गावाने पोट कशावर भरावे? हा प्रश्न आपल्या कोकणात नवा नाही. उत्तर म्हणून मुंबईची गाडी किंवा आखाताचे विमान दाखवले जाते. परंतु मातीची भांडी आणि डोंगरातली पोकळी एवढ्याच भांडवलावर नाव मिळवलेले एक छोटे गाव आज जगाच्या नकाशावर आहे. त्याची हकीकत आणि तळेऱ्याच्या परिसराला तिचा काय उपयोग, हे आम्ही या लेखात पाहणार आहोत.

स्पेनच्या दक्षिणेकडील अल्मेरिया प्रांतात सोर्बास नावाचे गाव आहे. लोकवस्ती सुमारे अडीच हजार. आग्वास नावाच्या नदीने वळसा घेऊन कोरलेल्या उंच कड्याच्या अगदी काठावर इथली घरे बांधलेली आहेत. खालून पाहिले तर ती अधांतरी लटकत असल्यासारखी दिसतात. हा मुलूख कोरडा आहे. आपल्या सिंधुदुर्गात एका पावसाळ्यात जेवढे पाणी पडते, तेवढे तिथे दहा वर्षांतही क्वचितच पडत असेल. शेतीची मर्यादा उघड आहे. म्हणून जमिनीने जे दिले, त्याचाच या गावाने रोजगार केला.

जमिनीने दोन गोष्टी दिल्या. पहिली म्हणजे लोहयुक्त तांबडी माती. तिची भांडी चुलीवरचा जाळ सोसतात. गावाच्या खालच्या बाजूला कुंभारांचा स्वतंत्र मोहल्ला आहे आणि तिथे जुन्या अरबी पद्धतीची भट्टी दाखवली जाते. हा सारा प्रदेश पंधराव्या शतकाच्या अखेरपर्यंत ग्रानाडाच्या मुस्लिम राज्यात होता. स्पॅनिश भाषेत कुंभाराला ‘आल्फारेरो’ म्हणतात. हा शब्द अरबी ‘अल-फख्खार’ म्हणजे भाजलेली माती यापासून आला. सूरह रहमान ऐकणाऱ्या आमच्या वाचकांना ‘फख्खार’ हा शब्द परका नाही. राज्य गेले, 1609 ते 1614 या काळात मुस्लिम वंशाचे लोकही स्पेनमधून हाकलले गेले. तरी कुंभाराचे नाव अरबीच राहिले. हुन्नर माणसांच्या हातांतून पुढे जातो, त्याला राजाच्या सनदेची गरज लागत नाही, हे यावरून दिसते.

दुसरी गोष्ट म्हणजे गुहा. सोर्बासच्या आसपासची जमीन जिप्समच्या दगडाची आहे. हा दगड पाण्यात विरघळतो. लाखो वर्षे पाणी झिरपून आत एक हजारांहून अधिक पोकळ्या तयार झाल्या. 1989 साली हा भाग संरक्षित म्हणून जाहीर झाला. गुहेत विजेचे रंगीत दिवे नाहीत, सिमेंटचे जिने नाहीत. पाहुण्याने आधी नाव नोंदवायचे, डोक्यावर दिवा लावलेले शिरस्त्राण घालायचे आणि वाटाड्याच्या मागे चालायचे. गुहा जशी होती तशीच ठेवली, हीच त्यांची पुंजी. गुहा पाहून बाहेर पडलेला माणूस गावात जेवतो आणि जाताना एखादे मडके घेऊन जातो. गुहा गिऱ्हाईक आणते, माती त्याच्या हातात माल देते.

आता आपल्याकडे वळू. तळेरे हे कणकवली तालुक्यातील तिठ्याचे गाव. मुंबई-गोवा महामार्ग (पूर्वीचा 17, आताचा 66) इथून जातो. पश्चिमेला विजयदुर्गाकडे आणि पूर्वेला वैभववाडी, करूळ घाट, गगनबावडा मार्गे कोल्हापूरकडे रस्ता फुटतो. उत्तरेला जवळच खारेपाटण आहे. शिलाहार राजा रट्टराजाचा इसवी सन 1008 चा ताम्रपट तिथे मिळाला. परदेशाहून येणाऱ्या गलबतांवरच्या कराचा त्यात उल्लेख आहे. म्हणजे हजार वर्षांपूर्वीही या भागाचे उत्पन्न येणाऱ्या-जाणाऱ्यावर होते.

कडा, गुहा आणि माती, तिन्ही आपल्याकडे आहेत. जांभ्याचा सडा समुद्राकडे जाऊन एकदम तुटतो; विजयदुर्ग आणि देवगडच्या बाजूला हे पाहता येते. देवगड तालुक्यात वाडा येथे विमलेश्वराचे मंदिर खडकात कोरलेले आहे. कणकवली तालुक्यातच कोळोशी येथील एका गुहेत अलीकडच्या काळात संशोधकांनी उत्खनन केले. तिथे अश्मयुगातील माणसाची दगडी हत्यारे मिळाली. कोकणातील सड्यांवरची कातळशिल्पे 2022 साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. मालवण तालुक्यातील कुडोपी त्या यादीत आहे. मात्र एक गोष्ट बजावून सांगतो. उत्खननाची जागा म्हणजे सहलीची जागा नव्हे. तिथला एक दगडसुद्धा उचलून आणू नये आणि गाड्या भरून माणसे नेऊ नयेत. जागा बिघडली तर गिऱ्हाईकही कायमचे गेले.

राहिली माती. मालवणी घरात तवलीतल्या माशाच्या कढीची चव आजही काढली जाते. परंतु तवली घडवणारा हात कमी होत चालला आहे. दुकानदाराने ही भांडी विकायला ठेवायची तर आधी त्यांचे शास्त्र समजून घेतले पाहिजे.

चुलीवरच्या भांड्याच्या मातीत कुंभार बारीक वाळू मिसळतो. तापल्यावर माती फुगते, निवल्यावर आकसते. वाळूमुळे तिला हलायला जागा राहते, म्हणून भांडे सहज तडकत नाही. चाकावरून उतरवलेले भांडे थापीने थोपटतात, म्हणजे बूड पातळ आणि घट्ट होते. मग ते सावलीत वाळवतात. उन्हात घाईने वाळवले तर बाहेरची बाजू आधी आकसते आणि चीर पडते. भट्टीत साधारण 700 ते 900 अंश सेल्सियस उष्णता मिळाली की माती पक्की होते, मात्र तिची छिद्रे कायम राहतात. या छिद्रांमुळेच माठातले पाणी थंड होते आणि तवली जाळ सोसते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट असते की माल वाळत नाही. म्हणून ज्याला पावसाळ्यात विकायचे आहे, त्याने मे महिन्याच्या आतच साठा करावा.

माल पारखण्याची रीत सोपी आहे. भांडे बोटांवर तोलून टिचकी मारा. खणखणीत आवाज आला तर भाजणी चांगली, बद्द आवाज आला तर कच्चेपणा किंवा चीर आहे. गिऱ्हाईकालाही सांगा: नवी तवली रात्रभर पाण्यात बुडवून ठेवावी, पहिल्यांदा मंद आचेवर पेज शिजवावी, आणि तापलेल्या भांड्यात थंड पाणी ओतू नये. हे चार शब्द सांगितले की फुटल्याची तक्रार घेऊन येणारे निम्मे होतील.

याहून मोठी जबाबदारी झिलईची आहे. चकाकणाऱ्या भांड्यावर काचेसारखा थर असतो. जुन्या पद्धतीच्या झिलईत शिसे वापरत. स्पेनच्या कुंभारांनीही ते शतकानुशतके वापरले. शिसे विष आहे आणि आंबट पदार्थात ते लवकर उतरते. आपल्या कढीत आमसूल असते, चिंच असते. लहान मुलांच्या मेंदूवर शिशाचा कायमचा परिणाम होतो. म्हणून स्वयंपाकासाठी झिलई नसलेलेच भांडे विकावे. झिलईचे ठेवायचे असेल तर ते शिसेविरहित असल्याचा लेखी दाखला मागावा. रंग किंवा पॉलिश मारलेले भांडे शोभेचे म्हणूनच द्यावे आणि तसे स्पष्ट सांगावे. मालातला ऐब लपवून मिळवलेल्या नफ्यात बरकत नसते, हे आमच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

आता हिशेब. समजा, 100 तवल्या 80 रुपये दराने घेतल्या: 8,000 रुपये. टेम्पोचे भाडे 1,000, पेंढा आणि पुठ्ठा 350. एकूण 9,350. वाटेत आणि दुकानात 10 फुटल्या. उरलेल्या 90 वर हा खर्च वाटला तर एक तवली सुमारे 104 रुपयांना पडली. जो दुकानदार 80 वर नफा धरून 100 ला विकतो, तो विक्री वाढवत तोटा वाढवतो. 150 ला विकली तर 46 रुपये सुटतात. फुटलेल्या मालाचा भार कोणाचा, हे आधीच ठरवावे. तो सगळा कुंभारावर टाकणे इन्साफाचे नाही. माल ताब्यात घेतेपर्यंत त्याचा, नंतर आपला, हा सरळ करार. पैसे रोख द्यावेत, कारण पुढच्या भट्टीचे सरपण त्यातूनच येते.

कारागिरांसाठी सरकारची सोयही आहे. 17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतील 18 व्यवसायांत कुंभारकाम आहे. त्यात प्रशिक्षण, प्रशिक्षणकाळात दिवसाला 500 रुपये भत्ता आणि हत्यारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत मिळते. पुढे 5 टक्के व्याजाचे कर्जही आहे. परंतु ज्याला व्याजाच्या व्यवहारात पडायचे नाही, त्याने प्रशिक्षण आणि हत्यारांच्या मदतीपुरती चौकशी जरूर करावी.

सोर्बासमध्ये आज कुंभारांची मोजकीच घरे चाक फिरवतात. पाहुणे आले, नाव झाले, तरी नव्या पिढीला मातीत हात घालायला लावणे सोपे नाही, हेही तिथून शिकण्यासारखे आहे. चाक एकदा थांबले की पुस्तक वाचून पुन्हा फिरत नाही. तळेऱ्याच्या तिठ्यावर गाडी थांबवायला दुकानात दहा तवल्या पुरेत. पण त्या दहा तवल्यांमागे एक कुंभार जगला पाहिजे. ज्या व्यापाऱ्यांची दुकाने या रस्त्यावर आहेत, त्यांनी या दिवाळीनंतर आपल्या पंचक्रोशीतील एका कुंभारवाडीत जाऊन चौकशी करावी, आगाऊ रक्कम द्यावी आणि भट्टी पेटण्यापूर्वीच सौदा पक्का करावा.