फोन रामेश्वरी, सर्व्हर सोमेश्वरी!

कॉलेज फेस्टचा दुसरा दिवस. सकाळचे साडेअकरा. ग्राउंडवर कबड्डीची मॅच रंगात आली होती आणि एका मुलाचा गुडघा दुखावला. त्याला उठताच येईना. कोर्टाजवळच्या व्हॉलंटिअरने फर्स्ट एडच्या टेबलला फोन लावला. रिंगच नाही. पुन्हा लावला, तरी शांतता. शेवटी एक मुलगी मेन बिल्डिंगपर्यंत पळत गेली आणि डॉक्टरांना घेऊन आली. मुलगा आता बरा आहे. पण ती दहा मिनिटं आमच्या टीमच्या डोक्यातून जात नाहीत, कारण ती फोन सिस्टीम आम्हीच बसवली होती.

फेस्टच्या गर्दीत फुल रेंज असूनही मोबाइल लागत नाही, हा अनुभव तुम्हालाही असेल. त्यावर उपाय म्हणून आम्ही लॅबमधल्या एका जुन्या पीसीवर अ‍ॅस्टरिस्क टाकलं. हे ओपन सोर्स सॉफ्टवेअर साध्या पीसीचं टेलिफोन एक्स्चेंज करून टाकतं. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या मार्क स्पेन्सर या तरुणाला आपल्या छोट्या कंपनीसाठी रेडीमेड फोन सिस्टीम परवडेना, म्हणून त्याने ते स्वतःच लिहिलं. आम्ही व्हॉलंटिअर्सच्या मोबाइलमध्ये सॉफ्टफोनचं अ‍ॅप टाकलं आणि कॅम्पसच्या वाय-फायवर वीस एक्स्टेन्शन सुरू केली. सरांनी बजावलं होतं म्हणून दुसरा पीसीही तयार ठेवला होता.

त्या दिवशी पहिला पीसी बंद पडला. दुसरा मस्त चालू होता, पण एकही फोन त्याच्याकडे फिरकला नाही. कारण वीसही अ‍ॅप्समध्ये आम्ही पहिल्या पीसीचा आयपी अ‍ॅड्रेस हाताने टाइप केला होता. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

नंबर नको, नाव द्या

मित्राचा नंबर बदलला, तरी तुम्ही कॉन्टॅक्टमध्ये त्याचं नावच शोधता. इंटरनेटवर हेच काम डीएनएस करतं. आधी नेटवर्कवरच्या सगळ्या मशीनची नावं आणि पत्ते एकाच फाइलमध्ये असायचे. अमेरिकेतली एक संस्था ती फाइल सांभाळायची आणि बाकीचे तिची कॉपी घ्यायचे. मशीन वाढत गेल्या तसं हे झेपेना. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसची रचना मांडली आणि ही यादी अनेक सर्व्हर्समध्ये वाटली गेली.

फोनला मात्र नुसता पत्ता पुरत नाही. इंटरनेट फोन ज्या ‘सिप’ या पद्धतीने बोलतात, तिच्या २००२ च्या नियमांनुसार फोन डीएनएसला तीन प्रश्न विचारू शकतो. बोलायचं कशावरून, यूडीपी की टीसीपी? त्याचं उत्तर एनएपीटीआर रेकॉर्ड देतं. कोणत्या सर्व्हरशी, कोणत्या पोर्टवर? ते एसआरव्ही सांगतं. आणि त्या सर्व्हरचा आयपी? तो आपल्या ओळखीच्या ए रेकॉर्डमध्ये असतो.

आमचा जीव अडकला होता तो एसआरव्हीत. डोमेनच्या आधी ‘_सिप._यूडीपी’ लावून हे रेकॉर्ड लिहितात. आम्हाला फक्त दोन ओळी हव्या होत्या:

१० ० ५०६० फोन-एक
२० ० ५०६० फोन-दोन

पहिला आकडा प्राधान्याचा. लहान आकड्याचा मान आधी, म्हणजे १० वाला उत्तर देत नसेल तर फोन २० वाल्याकडे जातो. दुसरा वजनाचा. प्राधान्य सारखंच असेल, तर कॉल कोणाकडे किती जावेत हे तो ठरवतो. तिसरा पोर्ट, सिपसाठी नेहमीचा ५०६०. शेवटी सर्व्हरचं नाव.

इथे पाय घसरतो

यंदा आम्ही हे सगळं नव्याने केलं आणि पुन्हा ठेचा खाल्ल्या. त्या तुम्ही खाऊ नका.

अ‍ॅपमध्ये डोमेनपुढे पोर्ट लिहू नका. पोर्ट दिसला की फोन एसआरव्ही विचारतच नाही, थेट ए रेकॉर्ड गाठतो. काही अ‍ॅप्समध्ये एसआरव्हीची सेटिंग मुद्दाम ऑन करावी लागते, तीही तपासा.

एसआरव्हीमध्ये सर्व्हरचं खरं नाव द्या. सीनेम वापरून दिलेलं टोपणनाव तिथे चालत नाही.

टीटीएल कमी ठेवा. डीएनएसचं उत्तर किती सेकंद लक्षात ठेवायचं, हे तो आकडा सांगतो. तो एका दिवसाचा असेल, तर तुम्ही रेकॉर्ड बदललं तरी फोन दिवसभर जुनंच धरून बसेल.

डीएनएस सर्व्हर फोनच्याच पीसीवर ठेवू नका. पीसी गेला की पत्ता सांगणाराही गेला! आम्ही दोन वेगळ्या मशीनवर दोन डीएनएस ठेवले.

आणि रजिस्ट्रेशनची मुदत कमी करा. फोन दुसऱ्या सर्व्हरवर जाऊन ‘मी इथे आहे’ असं सांगत नाही, तोवर तिथून त्याला रिंग जाणारच नाही.

रेकॉर्ड बरोबर आहे का, हे बघायला विंडोजवर एनएसलुकअप आणि लिनक्सवर डिग आहेच. पण खरी परीक्षा वेगळी. यंदा फेस्टच्या आदल्या संध्याकाळी आम्ही पहिल्या पीसीचा प्लग सरळ उपटला. सगळे मोबाइलकडे बघत बसलो. फोन लगेच वळत नाहीत. समोरून उत्तर येत नाही हे मान्य करायला यूडीपीवर ३२ सेकंदही जाऊ शकतात. थोड्या वेळाने ग्राउंडवरून कॉल लावला आणि फर्स्ट एडच्या टेबलवरचा फोन वाजला.

गेल्या वर्षी आमच्याकडे बॅकअप होता, पण त्याचा पत्ता कोणालाच माहीत नव्हता. तुमच्या कॉलेजात अशी सिस्टीम लावणार असाल, तर आदल्या दिवशी प्लग नक्की काढून बघा.