शिकलेला श्वान, अडवणारे दार

मार्गदर्शक श्वान अंध व्यक्तीला हवे तेथे नेऊन पोहोचवतो, हा समज अपुरा आहे. वाट मला ठाऊक असावी लागते. वाटेतला खड्डा, पायरी, आडवी लावलेली दुचाकी तो टाळतो. सिग्नलचा रंग पाहून तो ठरवत नाही. रहदारीचा कानोसा घेऊन रस्ता ओलांडण्याची आज्ञा मीच देते. मात्र वाहन अंगावर येत असेल, तर ती आज्ञा मोडण्याचेही शिक्षण त्याला मिळालेले असते. असा विश्वास केवळ सरावाने येत नाही. कित्येक आठवडे त्याला खाऊ घालणे, विंचरणे, फिरवणे मीच केले. तेव्हा कुठे हार्नेसच्या मुठीतून त्याचे किंचित थबकणेही मला कळू लागले.

२०११ च्या जनगणनेनुसार देशात ५० लाखांहून अधिक दृष्टिबाधित आहेत. असे श्वान मात्र विरळाच. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा सुगम्य वाहतुकीची आणि सार्वजनिक जागांची ग्वाही देतो. तरीही उपाहारगृहाच्या दाराशी ‘कुत्रा बाहेर बांधा’ हे ऐकावे लागते. तो बाहेर राहिला, तर मीही बाहेरच राहते. उतरंडीचा मार्ग बांधायला निधी लागतो. हे दार उघडायला प्रवेशाचा निःसंदिग्ध नियम आणि दारावरच्या माणसाला त्याची माहिती, एवढे पुरेसे आहे.