तरुणांची झोप आणि गावाची संध्याकाळ

चैत्रात मोहाची फुले रात्रभर गळत राहतात आणि ऊन चढण्यापूर्वी ती वेचावी लागतात. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन वनजिल्ह्यांतील कितीतरी गावे त्या दिवसांत तांबडे फुटण्यापूर्वीच जागी होतात. मोहाचा हंगाम सरतो न सरतो तोच तेंदूचा सुरू होतो. मे महिन्यात भल्या सकाळी पाने तोडायची आणि मग घरी बसून त्यांचे पुडे बांधायचे, हा क्रम असतो. पोलीस भरतीची तयारी करणारी मुले-मुली याच सुमारास रस्त्यावर धावण्याचा सराव करीत असतात. वनप्रदेशातील दिवस पहाटे सुरू होतो, हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले वेळापत्रक अजून मोडलेले नाही. मोडली आहे ती रात्र, आणि ती मोडण्यात स्मार्टफोनचा वाटा मोठा आहे.

तेरा ते अठरा वर्षे वयाच्या मुलांना रोज आठ ते दहा तास झोप हवी, असे वैद्यकशास्त्र सांगते. पहाटे चारला उठणाऱ्या मुलाने त्या हिशेबाने रात्री आठच्या सुमारास अंथरुणावर पडावयास हवे. तो बारापर्यंत हातातील पडद्याकडे पाहत राहिला, तर त्याच्या वाट्याला चारच तास उरतात. शहरातील महाविद्यालयीन तरुण रात्रीची उधारी सकाळी उशिरा उठून काही अंशी फेडू शकतो. मोह वेचणाऱ्याला ती सवलत नाही. त्यातच चंद्रपूर-ब्रह्मपुरीचा उन्हाळा असा की, पारा ४५ अंशांपुढे जातो आणि मध्यरात्र उलटली तरी भिंती निवत नाहीत. मुळातच तोकड्या झालेल्या झोपेतून आणखी दोन-तीन तास कापले गेले, तर त्याचे परिणाम अभ्यासावर, स्वभावावर आणि प्रकृतीवर झाल्यावाचून राहत नाहीत. शिवाय येथे जंगलात जाणाऱ्याला सावध राहावे लागते. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडावयास गेलेल्या तीन महिला एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात बळी पडल्या. त्या दुर्घटनेचा संबंध झोपेशी जोडण्याचे कारण नाही. परंतु पेंगुळलेले डोळे घेऊन ज्या वनात शिरू नये असे हे वन आहे, एवढे तीवरून समजावे.

उशिरा आलेले साधन

तथापि, स्मार्टफोनला सरसकट दोष देऊन हा प्रश्न सुटणारा नाही. भामरागड, एटापल्लीसारख्या तालुक्यांना मोबाइल सेवा राज्याच्या अन्य भागांपेक्षा कितीतरी उशिरा मिळाली आणि आजही ती सर्व गावांत सारखी नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज, भरतीची जाहिरात, परीक्षेचा निकाल, बँकेचा व्यवहार, सर्पदंश झाल्यास रुग्णवाहिकेला बोलावणे, ही सारी कामे आता याच यंत्रावर अवलंबून आहेत. ज्यांना ते नुकतेच मिळाले त्यांना ‘फेकून द्या’ असा उपदेश करणे म्हणजे पोटभर जेवलेल्याने उपाशी माणसाला मिताहार शिकविण्यासारखे आहे. मात्र साधन कामासाठी आले आणि करमणुकीने ते व्यापले, हेही नाकारता येत नाही. ग्रामीण भारतातील शिक्षणाची पाहणी करणाऱ्या ‘असर’च्या २०२४ च्या अहवालानुसार चौदा ते सोळा वर्षे वयाच्या ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. त्यांपैकी आधीच्या आठवड्यात शिक्षणासाठी तो वापरणारे ५७ टक्के होते, तर समाजमाध्यमांसाठी वापरणारे ७६ टक्के.

प्रयोग काय सांगतात?

वापर कमी केल्याने खरोखर फरक पडतो काय, याचे उत्तर आता केवळ तर्काने देण्याची गरज नाही. ऑस्ट्रियातील संशोधकांनी १११ निरोगी विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग २०२५ साली प्रसिद्ध झाला. त्यातील एका गटाने तीन आठवडे रोजचा वापर दोन तासांच्या आत ठेवला. त्या गटाचे नैराश्य व ताण कमी झाला, झोप सुधारली आणि मनाचे स्वास्थ्यही वाढले. सुधारणा अफाट नव्हती, मध्यम प्रतीची होती; पण औषधाच्या एकाही गोळीवाचून ती झाली. याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या अमेरिका-कॅनडातील एका प्रयोगात ४६७ जणांच्या फोनवरील इंटरनेट दोन आठवड्यांसाठी बंद करण्याचे ठरले. बोलणे व लघुसंदेश तेवढे चालू राहिले. त्यांचे चित्त अधिक स्थिर झाले आणि मन प्रसन्न राहिले. याचे एक कारण असे की, मोकळा झालेला वेळ त्यांनी माणसांत, व्यायामात आणि उघड्या हवेत घालविला.

पडद्याच्या उजेडाने झोप आणणाऱ्या मेलाटोनिन या स्रावात अडथळा येतो, हे खरे आहे. बोस्टनमधील एका जुन्या प्रयोगात झोपण्यापूर्वी उजळ पडद्यावर वाचणाऱ्यांना, कागदी पुस्तक वाचणाऱ्यांपेक्षा झोप लागण्यास सुमारे दहा मिनिटे अधिक लागली होती. पण गडचिरोलीतील मुलाची झोप दहा मिनिटांनी बिघडत नाही, दोन-तीन तासांनी बिघडते. उजेडापेक्षा मोठा चोर म्हणजे न संपणारी चित्रफितींची माळ.

या प्रयोगांतील दुसरी बाजू अधिक बोलकी आहे. ऑस्ट्रियातील विद्यार्थ्यांची मुदत संपताच त्यांचा वापर झपाट्याने पूर्वपदाकडे गेला. अमेरिकेतील प्रयोगात तर बहुतेकांना ठरलेली अट पूर्ण पाळताच आली नाही. याचा अर्थ एवढाच की, एकट्याचा निश्चय या यंत्रापुढे फार काळ टिकत नाही. सारे मित्र जागे असताना एकाने निजावे, ही अपेक्षाच अवाजवी आहे.

ग्रामसभेचा मार्ग

आणि येथेच या दोन जिल्ह्यांपाशी असे काही आहे जे व्हिएन्ना किंवा बोस्टनपाशी नाही. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाने सर्वसहमतीने निर्णय घेण्याची परंपरा उभी केली आणि २००९ साली सामूहिक वनहक्क मिळविला. लोकांनी उभारलेल्या दारूमुक्तीच्या चळवळीमुळे गडचिरोलीत १९९३ साली दारूबंदी आली. पण बंदीचा हुकूम पुरेसा नसतो, गावागावांत मन वळवावे लागते, हे ओळखून २०१६ साली ‘मुक्तिपथ’चे काम सुरू करावे लागले. शेजारच्या चंद्रपुरात २०१५ साली आलेली बंदी २०२१ साली उठली. या निर्णयांच्या गुणदोषांविषयी मतभेद असतील. परंतु सवयीचा प्रश्न वरून आलेल्या आज्ञेने सुटत नाही, हा धडा दोन्ही जिल्ह्यांनी घेतलेला आहे. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाती ठेवण्यास मनाई केली. तो कायदा खात्यापर्यंत पोहोचेल. उशाशी असलेल्या फोनपर्यंत घर आणि गावच पोहोचू शकते.

महाराष्ट्रात याचे उदाहरणही आहे. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे २०२२ पासून संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो आणि दीड तास दूरदर्शनसंच व मोबाइल बाजूला ठेवले जातात. वनजिल्ह्यांतील गावांनी वेळ आपल्या हंगामाप्रमाणे ठरवावी. रात्री नऊनंतर घरातील सर्व फोन एका जागी ठेवावेत, अडीअडचणीसाठी एकाची घंटी चालू असावी. आश्रमशाळा व वसतिगृहांनीही हाच नियम मुलांशी बोलून करावा. मात्र तो वडीलधाऱ्यांनाही लागू हवा. वडिलांचा फोन चालू आणि मुलीचा तेवढा जप्त, असे झाले तर ती आरोग्याची काळजी न राहता जुन्याच जाचाचे नवे रूप ठरेल.

शिवाय रिकामी संध्याकाळ रिकामीच राहत नाही. माडिया-गोंड समाजात गोटुल हे तरुणांना संध्याकाळी एकत्र आणणारे ठिकाण होते. गाणे, नाच आणि समाजाचे रीतिरिवाज तेथे एकमेकांच्या संगतीत शिकले जात. जेथे ते आहे तेथे ते जिवंत ठेवावे. जेथे नाही तेथे अभ्यासिका, भजन, मैदान, भरतीचा सामूहिक अभ्यास यांपैकी जे गावाला रुचेल ते उभे करावे. फोन काढून घेणे सोपे आहे. त्या जागी माणूस ठेवणे कठीण आहे.

ताडोब्याच्या व्याघ्र प्रकल्पात सफारीस जाणाऱ्या पर्यटकांना मोबाइल नेण्यास २०१८ सालीच मनाई करण्यात आली, कारण वन्य प्राण्यांच्या शांततेचे मोल शासनाने जाणले. त्याच जंगलाच्या काठावर वाढणाऱ्या मुलांच्या शांत झोपेचे मोल जाणण्यासाठी शासननिर्णयाची वाट पाहण्याचे कारण नाही. ते काम एका ग्रामसभेत, एका संध्याकाळी होऊ शकते.