वेगमर्यादक रोटर

वेगमर्यादक रोटर हा जुन्या पेट्रोल इंजिनांच्या डिस्ट्रिब्युटरमधील, ठरावीक वेगापुढे ठिणगी तोडणारा यांत्रिक भाग आहे. इलेक्ट्रॉनिक नियंत्रण रूढ होण्यापूर्वी काही वेगवान मोटारींत तो वापरला जाई. ब्रिटनमधील लोटस इलान आणि जर्मनीतील पोर्शे ९११ ही त्याची परिचित उदाहरणे होत.

गरज

इंजिन प्रमाणाबाहेर वेगाने फिरल्यास स्प्रिंगा झडपा वेळेवर मिटवू शकत नाहीत आणि उघडी झडप दट्ट्यावर आदळू शकते. संयोगदांड्यावरील ताणही वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो.

रचना व कार्य

कॉइलकडून येणारा उच्च दाबाचा विद्युत प्रवाह फिरता रोटर क्रमाने एकेका स्पार्क प्लगकडे पोहोचवतो. मुंबईत कुर्ला येथे तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनीतही हीच पद्धत होती. वेगमर्यादक रोटरमध्ये याखेरीज स्प्रिंगने आत ओढून धरलेले धातूचे लहान वजन असते. वेग वाढला की केंद्रोत्सारी प्रेरणेमुळे ते बाहेर सरकते व प्रवाहाला डिस्ट्रिब्युटरच्या दंडामार्फत इंजिनाच्या सांगाड्यात जाण्याची वाट मिळते. प्लगला ठिणगी न मिळाल्याने वेग घटतो. वजन मागे येताच ठिणगी पूर्ववत होते. चार-आघाती इंजिनात रोटर भुजादंडाच्या निम्म्या वेगाने फिरतो. त्यामुळे मिनिटाला ६,००० फेऱ्यांची मर्यादा हवी असल्यास वजन ३,००० फेऱ्यांना सरकावे लागते.

मर्यादा

हा रोटर केवळ ठिणगी तोडतो. चाकांकडून इंजिनाला मिळणारी गती तो रोखू शकत नाही. भोर–महाड मार्गावरील वरंधा घाट किंवा वेल्ह्याकडे जाणारा पाबे घाट उतरताना चालकाने वेगात असतानाच एकदम खालचा गिअर टाकला, तर चाकेच इंजिनाला फिरवतात आणि रोटर असूनही इंजिनाची हानी होऊ शकते. म्हणून उतारावर आधी ब्रेकने वेग कमी करून मग गिअर बदलणे आवश्यक ठरते.

ठिणगी तुटलेली असताना न जळलेले इंधन निकास नळीत जाते व तेथे पेटून स्फोटासारखा आवाज होऊ शकतो. स्प्रिंग सैल पडल्यास किंवा वजन अडकल्यास कमी वेगातही इंजिन अडखळते. हा दोष पुष्कळदा कार्बुरेटरचा समजला जातो.

बदली

जुन्या मोटारींचे अनेक मालक याऐवजी साधा रोटर बसवतात. त्यामुळे अडखळणे थांबते. मात्र संरक्षणही नाहीसे होते. अशा वेळी इलेक्ट्रॉनिक वेगमर्यादक बसवणे किंवा फेरेमापकावर लक्ष ठेवून गाडी चालवणे हे पर्याय उरतात.