दोन सीट, एक स्वप्न आणि भंगाराचा काटा

साताऱ्यात नाहीतर सांगलीत ताडपत्रीखाली एखादी जुनी स्पोर्ट्‌स कार दिसली, की मन आणि बँक बॅलन्स यांची जुंपलीच म्हणून समजा. टोकन देण्याआधी हे वाचाच!

पुण्याहून गावाकडे जाणारा वीकएण्ड तसा सरळसोट असतो. खंबाटकी, सातारा, कराड, मग पेठ नाक्यावरून डावीकडे सांगली. गडबड होते ती हायवेलगतच्या भंगार यार्डाकडे नजर गेली की! ट्रकच्या केबिन, मोडक्या जीप आणि मध्येच ताडपत्रीखालून डोकावणारं एक बुटकं, लांबट नाक. दोन दारं, दोन सीट. पाय आपोआप ब्रेकवर जातो. यार्डवाले काका चहा मागवतात आणि जगातलं सगळ्यात महागडं वाक्य टाकतात, 'आवं सायेब, काय बी झालं न्हाय गाडीला. नुसती उभी हाय!'

आता तुम्ही काय करणार? ईएमआय सुरू, अप्रेझल लांबलेलं, आणि समोर हे प्रकरण.

ही आहे तरी कोण?

भंगारात फेरारी मिळत नाही, हे आधी मनाला सांगून टाका. आपल्या भागात अशी 'टू सीटर' सापडलीच, तर ती सॅन स्टॉर्म असण्याचा चान्स बराच. गोव्याच्या सॅन मोटर्सनं १९९८ मध्ये ही ओपन टॉप कार बाजारात आणली. डिझाइन फ्रेंच, बॉडी फायबरग्लासची आणि इंजिन रेनॉचं, १,१४९ सीसीचं. ताकद साधारण ६० बीएचपी. म्हणजे आजची साधी स्विफ्टसुद्धा हिला आरामात मागे टाकेल. पण स्टॉर्म वेगासाठी कुणी घेतच नव्हतं. छप्पर उघडून यवतेश्वरच्या घाटातून कासला जाताना जी हवा लागते, तिच्यासाठी घ्यायची ही कार.

आधी कागद, मग कार

बहुतेक जण बॉनेट उघडून बघतात. तुम्ही आधी आरसी बुक उघडा. चासी नंबर स्वतः पुसून, वाचून कागदाशी ताडून बघा. परिवहन खात्याच्या साइटवर नंबर टाकून गाडीचं रजिस्ट्रेशन जिवंत आहे का, कुठल्या बँकेचा बोजा आहे का, हे पाहा. मूळ मालक हयात नसेल, तर वारसांच्या सह्या लागतील. गाडी गोवा किंवा कर्नाटक पासिंगची असेल, तर तिथल्या आरटीओची एनओसी आणि महाराष्ट्रात नव्यानं रोड टॅक्स, दोन्ही आलंच.

खासगी कारचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं असतं. पुढे दर ५ वर्षांनी तपासणी करून ते वाढवावं लागतं. म्हणजे १९९८ ची गाडी एमएच ११ किंवा एमएच १० च्या आरटीओसमोर ब्रेक, लाइट, पीयूसी सगळं सांभाळून उभी करावी लागणार. २० वर्षांहून जुन्या कारसाठी ही फी २०२५ मध्ये वाढून १०,००० रुपये झाली. वर पर्यावरण कर वेगळा. मागच्या मालकानं किती वर्षांची थकबाकी मागे ठेवली, तेही विचारा.

काही जण म्हणतात, 'व्हिंटेजमध्ये टाकू ना!' थांबा. २०२१ च्या नियमानुसार व्हिंटेजचा मान पहिल्या रजिस्ट्रेशनपासून ५० वर्षं उलटलेल्या गाडीलाच मिळतो. १९९८ च्या कारला तो मिळेल २०४८ मध्ये! शिवाय 'व्हीए' अक्षरांची ती नंबरप्लेट लावून रोज ऑफिसला जाता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल आणि मेंटेनन्स, एवढ्यासाठीच गाडी बाहेर काढायची.

आणि आरसी कायमची रद्द झाली असेल तर? मग ती कार उरत नाही, सुटे भाग उरतात. भावही तसाच द्यायचा, किलोचा.

देवराष्ट्रेचा धडा

कागदांना कंटाळलात? मग सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रेची गोष्ट आठवा. यशवंतराव चव्हाणांचं हे जन्मगाव. इथल्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातले पार्ट जोडून मुलासाठी छोटी जीप बनवली. खर्च सुमारे ६०,००० रुपये आणि स्टार्ट करायला चक्क बाइकसारखी किक! डिसेंबर २०२१ मध्ये तिचा व्हिडिओ देशभर गाजला. आनंद महिंद्रांनी तोंडभरून कौतुक केलं, पण त्याच दमात हेही म्हटलं, की ही गाडी नियमात बसत नाही, आज ना उद्या ती रस्त्यावरून काढायला लावतील. म्हणून त्या बदल्यात त्यांनी नवी बोलेरो देऊ केली आणि जानेवारी २०२२ मध्ये ती लोहारांच्या दारात आलीसुद्धा.

गंमत बाजूला ठेवली तर मुद्दा साफ आहे. हातात कितीही कसब असलं, तरी रस्त्यावरचा हक्क कागदच देतो. आणि आपल्याला बोलेरो द्यायला कुणी येणार नाही, बॉस!

पुराची रेघ शोधा

सांगलीत जुनी गाडी बघताना एक प्रश्न विचारायचाच, '२०१९ ला ही कुठं उभी होती?' त्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५ फूट. २००५ आणि २०२१ चे पूर वेगळेच. पुरात बुडालेली गाडी वरून धुऊन चकाचक करता येते, आतून नाही. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा, मातीची रेघ दिसते का पाहा. कार्पेट उचला, सीटच्या पट्ट्यांमध्ये बोट फिरवा, फ्यूज बॉक्स उघडा. हिरवट गंज दिसला, तर सगळं वायरिंग नवं करावं लागणार हे धरूनच चाला.

फायबरच्या बॉडीला गंज लागत नाही, हे अर्धसत्य. तिच्याखाली लोखंडाचा सांगाडा असतो आणि तो गंजतो. गाडी लिफ्टवर घ्या, मिस्त्रीला स्क्रू ड्रायव्हरनं चासी टोचून बघू द्या. बॉडीची भेग रेझिन लावून बुजवता येते. चासीलाच भोक पडलं असेल, तर तिथूनच रामराम.

मिस्त्री आहेत, पार्ट कुठाय?

एका बाबतीत आपला भाग नशीबवान. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली. साताऱ्यात कूपर १९२२ पासून आहे आणि प्रिया स्कूटरही इथल्याच महाराष्ट्र स्कूटर्समध्ये बनायची. लेथ, बोअरिंग, वेल्डिंग यांचे जाणकार हात आजही गल्लीगल्लीत सापडतात. सांगलीच्या शंभर फुटी रस्त्यावर एक चक्कर मारा, समजेल. बुश, ब्रॅकेट, सायलेन्सर आपल्याकडे बनवून मिळतील.

पण काच, लाइट, छताचा कपडा, त्या फ्रेंच इंजिनाचे पार्ट? हे इंजिन युरोपात ट्विंगो आणि क्लिओ गाड्यांत होतं, म्हणजे काही पार्ट तिकडून मागवता येतील. त्यात कुरिअर आणि कस्टम्स धरा. 'दुसऱ्या कारचं इंजिन बसवू' हा सल्ला तर दर दुसरा मिस्त्री देतो. इंजिन बदलायला आरटीओची आधी परवानगी लागते. शिवाय कंपनीनं दिलेली मूळ ठेवण बदलता येणार नाही, असं सुप्रीम कोर्टानं २०१९ मध्येच बजावलंय.

हिशेबाचा फंडा

कागदावर तीन रकाने करा. पहिल्यात गाडी सुरू होऊन थांबण्याचा खर्च: ब्रेक, टायर, पेट्रोलची टाकी, कूलिंग, वायरिंग. दुसऱ्यात पासिंगचा. तिसऱ्यात दिसण्याचा: पेंट, सीट, स्टिअरिंग. दोन वेगवेगळ्या मिस्त्रींकडून अंदाज घ्या आणि बेरजेवर निम्मे आणखी चढवा. एवढी रक्कम कर्ज न काढता, घरच्यांच्या मेडिकलसाठी ठेवलेल्या पैशांना हात न लावता दोन वर्षांत उभी राहते का? नसेल, तर आज नको.

'नंतर विकून पैसे काढू' हा विचार डोक्यातून काढाच. अशा कारची सगळी बिलं विकताना वसूल होतील, हे धरून चालू नका. हा खर्च ट्रेकिंग किंवा कॅमेऱ्यासारखा, आनंदाचा. तो आनंद परवडतो का, एवढंच बघायचं.

आणखी एक. गाडी साताऱ्यात आणि तुम्ही हिंजवडीत, असं असेल, तर दर रविवारी मिस्त्रीच्या डोक्यावर उभं कोण राहणार? 'बाबा बघतील' हे उत्तर देण्याआधी बाबांना विचारा!

तर कागद जिवंत, सांगाडा मजबूत आणि पैसा स्वतःचा, या तिन्हींना 'हो' असेल तर बिनधास्त घ्या. दोनच 'हो' असतील, तर काकांचा चहा प्या, फोटो काढा आणि पुढे निघा. कास कुठे जात नाही. मित्राची बाइक मागून घेतली, तरी हवा तीच लागते!